एटीएम हरवलं, एटीएम बंद आहे

‘एटीएम हरवलं’ असं कुणी घाबऱ्याघुबऱ्या सांगितलं, तर काही क्विंटल वजनाची लोखंडी तिजोरी रस्त्यात पडली कशी, असं आपण विचारत नाही. कार्ड हरवलं हे लगेच समजतं. ‘एटीएमला जाऊन येतो’ म्हणणारा एका ठिकाणी निघालेला असतो. ‘एटीएममध्ये थांब जरा, बाहेर ऊन आहे’ यातलं एटीएम म्हणजे काचेच्या दाराची एसीवाली खोली. ‘एटीएम फक्त पाचशेच्याच देतंय’ म्हटलं की यंत्र, आणि ‘एटीएमचा नंबर कुणाला सांगू नकोस’ म्हटलं की पिन. वस्तू, जागा, खोली, कार्ड, आकडा, सगळ्यांना आपण एकाच शब्दात बसवलं आणि रोजच्या बोलण्यात कुणाचं काही अडलं नाही.

याचं एक कारण म्हणजे या तीन अक्षरांना मराठी कानासाठी स्वतःचा काही अर्थच नव्हता. ‘ऑटोमेटेड टेलर मशीन’ हे त्यांचं अधिकृत पूर्ण रूप. यातला टेलर म्हणजे बँकेच्या काउंटरवर बसून पैसे देणारा-घेणारा रोखपाल. आपल्याकडे मात्र टेलर म्हणजे शिंपी, आणि तो बँकेच्या शेजारच्या गाळ्यात असला तरी नोटा देत नाही. त्यामुळे मूळ नाव कुणी उलगडायच्या भानगडीत पडलं नाही. लोकांनी स्वतःचं लावलं, ‘एनी टाइम मनी’. ते चूक आहे असं स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, इतकं ते पक्कं बसलं आहे.

‘एटीएम मशीन’ या प्रयोगावर मात्र शुद्धतेचे पहारेकरी फार रागावतात. ‘एम’मध्ये मशीन आलंच, मग पुन्हा मशीन कशाला? ‘पिन नंबर’वरही हाच आक्षेप. मला तो पटत नाही. ज्या भाषेत एटीएमचे पाच अर्थ झाले आहेत, तिथे यंत्राबद्दल बोलताना ‘एटीएम मशीन’ आणि कार्डाबद्दल बोलताना ‘एटीएम कार्ड’ म्हणणं ही पुनरुक्ती नाही, गरज आहे.

बाकीच्या जगाने या यंत्राला काय म्हटलं, ते पाहण्यासारखं आहे. २७ जून १९६७ रोजी उत्तर लंडनच्या एनफिल्ड भागातल्या बार्कलेज बँकेच्या शाखेबाहेर नोटा देणारं यंत्र सुरू झालं. त्यामागचा माणूस होता जॉन शेफर्ड-बॅरन. जन्म १९२५ चा, शिलाँगचा, म्हणजे आपल्याच देशातला. नोटा छापणाऱ्या ‘डी ला रू’ या कंपनीत तो होता. एका शनिवारी बँकेत पोचायला उशीर झाला, दार बंद मिळालं, आणि नंतर आंघोळीच्या टबात पडल्या-पडल्या त्याला वाटलं, नाणं टाकलं की चॉकलेट देणारं यंत्र असतं, तर पैसे देणारं का असू नये? त्या यंत्राला प्लास्टिकचं कार्ड लागत नसे. चेकसारखा कागद आत सरकवायचा आणि दहा पौंड घ्यायचे. यंत्राला ओळख पटावी म्हणून त्या कागदाला कार्बन-१४ हा किंचित किरणोत्सारी पदार्थ लावलेला असे. त्याची भीती वाटत नाही का, असं विचारल्यावर शेफर्ड-बॅरनने नंतर सांगितलं होतं, की अपाय व्हायला असे १,३६,००० चेक खावे लागतील.

भिंतीतल्या त्या खिडकीला इंग्रज लोक ‘होल इन द वॉल’ म्हणू लागले. भिंतीतलं भोक! नाव इतकं रुळलं की पुढे बार्कलेजने ते आपलं व्यापारचिन्ह करून घेतलं. लॉइड्स बँकेने आपल्या यंत्रांना ‘कॅशपॉइंट’ नाव दिलं होतं, तर लोकांनी ते उचलून सगळ्याच बँकांच्या यंत्रांना लावलं. आपण वनस्पती तुपाला ‘डालडा’ म्हणत आलो, तोच न्याय. स्वीडनमध्येही १९६७ च्या जुलैतच असं यंत्र बसलं. तिथल्या ‘बँकोमाट’ने तर सरहद्दी ओलांडल्या. पोलंड, रशिया, ऑस्ट्रियापासून इटलीपर्यंत आज हा शब्द थोड्याफार फरकाने चालतो. इटलीची गंमत वेगळी आहे. तिथे ‘बँकोमाट’ने यंत्र तर समजतंच, पण कार्डालाही तोच शब्द आहे आणि दुकानात ‘बँकोमाटने पैसे देतो’ असंच म्हणतात. म्हणजे यंत्राचं नाव कार्डाला देण्याची खोड आपली एकट्याची नाही.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात यंत्रांच्या एका जाळ्याचं नाव ‘टाइम’ होतं, ‘टेक युअर मनी एव्हरीव्हेअर’ची आद्याक्षरं. तिथला माणूस परराज्यात जाऊन ‘इथे जवळपास टाइम मशीन कुठे आहे?’ असं विचारायचा आणि समोरचा बघत राहायचा. इंडोनेशियाने सगळ्यांत हुशारी केली. एटीएम ही अक्षरं तशीच ठेवली आणि त्यांत आपल्या भाषेतले शब्द भरले, ‘आंजुंगान तुनाइ मंदिरी’. अर्थ साधारण असा, की आपलं आपण रोख रक्कम घेण्याचं ठिकाण. आपल्याकडे असं कुणी केलं नाही, कारण ‘एनी टाइम मनी’ने ती जागा आधीच बळकावली होती.

पिनची कथाही दोन बापांची आहे. स्कॉटलंडच्या जेम्स गुडफेलो या अभियंत्याने १९६६ मध्येच कार्ड आणि गुप्त आकड्याच्या पद्धतीचं पेटंट घेण्यासाठी अर्ज केला होता. त्या कल्पनेबद्दल त्याच्या हाती आले दहा पौंड. शेफर्ड-बॅरनच्या मनात मात्र सहा आकडी क्रमांक होता, आपल्या लष्करी क्रमांकावरून सुचलेला. स्वयंपाकघरात बायकोला विचारलं तर ती म्हणाली, मला चारच आकडे लक्षात राहतात. चार आकड्यांचा प्रघात तिथून आला, असं तो सांगत असे. भारतात ‘पिन’ आधीच आलेला होता, पण तो टपालाचा. सहा आकडी पोस्टल इंडेक्स नंबर १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला आणि तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस, शिवाय संस्कृत कवी. म्हणून आजही बँकेत ‘पिन टाका’ म्हटल्यावर एखाद्या आजोबांनी ४११०३० पुटपुटलं, तर त्यांना हसू नये. शब्द त्यांच्याकडे आधी आला होता.

मुंबईत पहिलं एटीएम १९८७ मध्ये एचएसबीसी बँकेने बसवलं. त्या काळी एका बँकेचं कार्ड दुसऱ्या बँकेच्या यंत्रात चालत नसे. बँकांच्या संघटनेने १९९७ मध्ये ‘स्वधन’ नावाचं सामायिक जाळं मुंबईत उभं केलं, पण ते २००३ पर्यंतच टिकलं. पुढच्याच वर्षी नॅशनल फायनान्शियल स्विच आला. १ एप्रिल २००९ पासून दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून पैसे काढणं फुकट झालं. हे सुख सहा-सात महिनेच टिकलं, मग फुकट व्यवहारांवर मर्यादा आली. आता स्वतःच्या बँकेच्या यंत्रात महिन्याला पाच व्यवहार मोफत असतात. दुसऱ्या बँकेच्या यंत्रात सहा महानगरांत तीन, इतरत्र पाच. मुंबई त्या सहांत आहे आणि पुणे नाही, त्यामुळे निदान या एका बाबतीत तरी पुणेकर आणि मुंबईकर दोघेही आपापल्या जागी समाधानी असावेत. मर्यादा ओलांडली की १ मे २०२५ पासून दर व्यवहाराला २३ रुपयांपर्यंत आकार लागतो, वर कर वेगळा.

कार्डाला एटीएम म्हणायची सवयही एटीएमच्या सुरुवातीच्या दिवसांतली. सुरुवातीची कार्डं फक्त यंत्रात घालायलाच उपयोगी पडत. दुकानात ती कुणी घेत नसे. पुढे त्याच कार्डाने खरेदी होऊ लागली, बँकांनी फॉर्मवर ‘एटीएम-कम-डेबिट कार्ड’ छापलं, पण लोकांच्या तोंडात जे बसलं ते बसलं. आता हीच सवय चोरांच्या कामी येते. ‘बँकेतून बोलतोय, तुमचं एटीएम बंद होणार आहे’ हे वाक्य कित्येकांनी फोनवर ऐकलं असेल. त्यातलं एटीएम मुद्दाम मोघम असतं. कार्ड, खातं की चौकातलं यंत्र, काहीच स्पष्ट नसतं. ऐकणारा आपल्या भीतीप्रमाणे अर्थ भरतो आणि बहुतेकांच्या मनात येतं ते ‘माझे पैसे अडकणार’. मग कार्डावरचे सोळा आकडे, मागचे तीन आकडे आणि शेवटी मोबाइलवर आलेला ओटीपी असं सगळं एकेक करून बाहेर येतं. एकच प्रश्न विचारला तरी समोरच्याची गडबड होते: ‘एटीएम म्हणजे नक्की काय बंद होणार?’ अर्थात, न विचारता फोन ठेवणं अधिक सोपं. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर कळवाल तितकी ते वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त.

यंत्र आतून कसं चालतं, ते थोडं पाहू. वरच्या भागात पडदा, कळा आणि संगणक. खाली तिजोरी, आणि तिजोरीत एकावर एक ठेवलेले बहुधा चार डबे. त्यांना कॅसेट म्हणतात. एका कॅसेटमध्ये दोन ते अडीच हजार नोटा मावतात. म्हणजे पाचशेच्या नोटांनी भरलेला एक डबा दहा-साडेबारा लाखांचा. आपण रक्कम दाबली की आत जी खरखर ऐकू येते, ती रबरी चाकांनी किंवा हवेच्या शोषणाने एकेक नोट ओढली जात असल्याची. वाटेत प्रत्येक नोटेची जाडी तपासली जाते. दोन नोटा चिकटलेल्या, कोपरा दुमडलेला किंवा नोट फाटकी असली, तर ती गठ्ठ्यात न जाता नाकारलेल्या नोटांच्या वेगळ्या पेटीत पडते आणि यंत्र दुसरी ओढतं. खरखर नेहमीपेक्षा लांबली, तर आत बहुधा अशी नाकारानाकारी चाललेली असते.

यंत्राला नोटेची किंमत मात्र कळत नाही, निदान फक्त पैसे देणाऱ्या साध्या यंत्राला तरी नाही. तिसऱ्या डब्यात शंभराच्या नोटा आहेत असं त्याला सांगितलेलं असतं, आणि तो डबा उघडून ते मोजत बसत नाही. जून २०२२ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या खापरखेड्यात एका माणसाने पाचशे रुपये काढायला कार्ड घातलं आणि हातात पाचशेच्या पाच नोटा आल्या. शंभराच्या डब्यात भरणाऱ्याने पाचशेच्या भरल्या होत्या. बातमी गावभर झाली, रांग लागली आणि शेवटी पोलिसांनी येऊन यंत्र बंद केलं. नोव्हेंबर २०१६ मधल्या नोटाबंदीतही दुखणं अशाच जातीचं होतं. नवी दोन हजारांची नोट ६६ मिलिमीटर रुंद, जुन्या पाचशे आणि हजाराच्या नोटा ७३ मिलिमीटर रुंद. त्यामुळे देशातल्या दोन लाखांहून अधिक यंत्रांचे डबे माणसांनी एकेका ठिकाणी जाऊन जुळवले, तोवर लोक दारात उभे. नोटा बँकेत पोचल्या होत्या, पण यंत्राला त्या धरता येत नव्हत्या.

मग ‘एनी टाइम’चं काय? यंत्र चोवीस तास उघडं असलं, तरी त्यात पैसे भरणाऱ्यांना घड्याळ आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या नियमांनुसार शहरात रात्री नऊनंतर आणि ग्रामीण भागात संध्याकाळी सहानंतर एटीएममध्ये रोकड भरायची नाही. नक्षलग्रस्त भागात तर चारच्या पुढे नाही. एखाद्या मोठ्या गावातलं यंत्र शनिवारी संध्याकाळी साडेसहाला रिकामं झालं, तर ते रविवार उजाडेपर्यंत भरण्याचा प्रश्नच येत नाही. महिन्यात एकूण दहा तासांहून जास्त काळ यंत्र रिकामं राहिलं, तर बँकेला दर यंत्रामागे १०,००० रुपये दंड, असा रिझर्व्ह बँकेचा नियम ऑक्टोबर २०२१ पासून आहे. सुट्ट्या पैशांच्या तक्रारीवरही उपाय निघाला. ३१ मार्च २०२६ पर्यंत ९० टक्के एटीएममध्ये निदान एका डब्यातून शंभराच्या किंवा दोनशेच्या नोटा निघाल्या पाहिजेत, असा आदेश आहे. पाचशेची बंदी नोट घेऊन चहावाल्यासमोर ओशाळं उभं राहण्याचे प्रसंग त्याने कमी व्हावेत.

पैसे द्यायचे की नाही, हे यंत्र स्वतः ठरवत नाही, हेही लक्षात घ्यावं. सांगलीच्या एखाद्या सहकारी बँकेचं कार्ड दादरला दुसऱ्याच बँकेच्या यंत्रात घातलं, की निरोप त्या दुसऱ्या बँकेच्या संगणकाकडून सामायिक स्विचकडे आणि तिथून सांगलीच्या बँकेकडे जातो. तिकडून ‘हो’ आलं तरच शटर उघडतं. हा ‘हो’ कोण म्हणतं, यावर सगळं अवलंबून आहे, आणि पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेला हल्ला नेमका तिथेच होता. चोरांनी बँकेच्या स्विचच्या जागी खोटा स्विच उभा केला. नकली कार्ड घेऊन २८ देशांत यंत्रांसमोर उभ्या राहिलेल्या माणसांना तो खोटा स्विच ‘हो, हो’ म्हणत गेला. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. जगभरातल्या त्या यंत्रांनी आपापलं काम चोख बजावलं होतं.

शब्द मात्र यंत्राला मागे टाकून कुठच्या कुठे गेला. पशुसंवर्धनावरच्या व्याख्यानात ‘शेळी म्हणजे शेतकऱ्याचं एटीएम’ हे वाक्य हटकून येतं, आणि ते बरोबरही आहे. मुलाची फी किंवा दवाखान्याचं बिल समोर आलं की बोकड बाजारात नेता येतो, म्हैस तशी चटकन विकता येत नाही. गावागावांत पाण्याचं एटीएम आहे, त्यात नाणं टाकलं की शुद्ध पाणी मिळतं. सभांमध्ये एक पक्ष दुसऱ्याला सांगतो की अमुक महामंडळ तुमचं एटीएम झालं आहे. घरोघरी बाबांना उद्देशून हा शब्द वापरला जातो, आणि त्यात प्रेम किती नि टोमणा किती हे बोलणाऱ्याच्या सुरावरून ठरतं. जपानमध्येही फक्त पगार आणणाऱ्या नवऱ्याला बायका एटीएम म्हणतात, तिथे टोमणाच जास्त.

सगळ्यांत अजब ताणला गेला तो ‘मायक्रो एटीएम’ या नावात. गावातल्या किराणा दुकानात बँकमित्राकडे, म्हणजे बँकेच्या प्रतिनिधीकडे, हातात मावेल एवढं यंत्र असतं. त्यावर आधार क्रमांक सांगून अंगठा लावायचा, खात्यातून रक्कम वजा होते आणि नोटा देतो तो बँकमित्र, आपल्या गल्ल्यातून मोजून. यंत्रातून एकही नोट बाहेर येत नाही. म्हणजे ज्या रोखपालाला हटवायला ऑटोमेटेड टेलर आणला, तोच रोखपाल गावात एटीएम नाव घेऊन परत आला. आणि खरं सांगायचं तर पेन्शनवाल्या आजीला तोच बरा वाटतो, कारण तो बोलतो, नोटा पुन्हा मोजून दाखवतो, आणि शिल्लक किती ते विचारलं तर सांगतो.

देशात आज सुमारे अडीच लाख एटीएम आहेत. यूपीआय आल्यापासून त्यांची संख्या फारशी वाढत नाही. तरी नव्या जागा शोधणं चालूच आहे. एप्रिल २०२५ मध्ये मनमाड-मुंबई पंचवटी एक्स्प्रेसच्या वातानुकूलित डब्यात, पूर्वीच्या पॅन्ट्रीच्या जागी, चाचणीसाठी एटीएम बसवलं, रेल्वेगाडीतलं देशातलं पहिलं. ते चाललं, फक्त इगतपुरी ते कसारा या बोगद्यांच्या टप्प्यात अधूनमधून नेटवर्क जायचं. विचारायला सांगलीला जावं लागतं म्हटलं ना, ते घाटातून जमत नाही.

आणि ज्या वाक्याने प्रत्येकाच्या पोटात गोळा येतो, ते राहिलं: ‘मेसेज आला, पैसे कट झाले, पण एटीएममधून आले नाहीत.’ अशा वेळी यंत्रावर हात आपटू नका आणि शेजारी मदतीला आलेल्या अनोळखी माणसाला कार्डही देऊ नका. स्लिप आली असेल तर जपून ठेवा, नसेल तर यंत्रावर लिहिलेला क्रमांक आणि वेळ टिपून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार ही रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांच्या आत खात्यात परत यायला हवी. त्यापुढे उशीर झाला, तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने द्यायची, आणि तीही ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता.